उजव्या पायाचा ब्रेक

बाबा मागे बसले की माझ्या स्कूटरला तिसरा ब्रेक येतो. पुढची रिक्षा जरा रेंगाळली, की मागच्या फूटरेस्टवर त्यांचा उजवा पाय कचकन दाबला जातो. त्या पायाखाली काही नसतं, नुसता लोखंडी दांडा आणि त्यावरचं रबर. पण पाय दाबतोच. हल्ली दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असल्यामुळे त्यांच्या सूचना मला ऐकू येत नाहीत (हेल्मेटचा हा फायदा कुठल्याच पोस्टरवर लिहिलेला नसतो), त्यामुळे आमच्यात संवाद उरलाय तो या पायाचाच.

हा पाय चेतकवर घडलेला आहे. बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात होते. नंबर लावून, काही वर्षं वाट बघून, १९८६ साली चेतक घरी आली तेव्हा तिला हार घालून नौपाड्यातून कोपिनेश्वराला नेलं होतं. चेतकचा मागचा ब्रेक पायात. उजव्या पायाखाली पेडल. पुढचा ब्रेक उजव्या हातात, डाव्या मुठीत क्लच, आणि तीच मूठ पिळली की गिअर. बाबांनी ही स्कूटर पंचवीस वर्षं चालवली आणि त्या पंचवीस वर्षांत पुढच्या ब्रेकला जवळपास हात लावला नाही. चढावर सिग्नल लागला तर स्कूटर मागे सरकू नये म्हणून धरत असतील, तेवढंच.

"पुढचा लावला की माणूस तोंडावर आपटतो." हे त्यांचं एकट्याचं मत नव्हे. आमच्या चाळीतले झाडून सगळे स्कूटरवाले हेच सांगत. मी १९९७ साली मावशीच्या कायनेटिक होंडावर शिकले. तिला गिअर नाहीत, पायात काही नाही, दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात. बाबांनी पहिल्या दिवशी माझा उजवा हात धरून सांगितलं, "हा विसरून जा." मी आज्ञाधारक मुलगी. विसरून गेले.

ते विसरणं मागच्या जुलैपर्यंत निभावलं.

मी मानपाड्याला राहते, ऑफिस नौपाड्यात. म्हणजे घोडबंदर रोड, कापूरबावडी, माजिवडा, मग हायवेने कॅडबरी, नितीन कंपनी, तीन हात नाका. हा रस्ता ज्यांनी रोज केलाय त्यांना मी वेगळं काय सांगणार! मेट्रोच्या कामाने अर्धा रस्ता पत्र्यांच्या आड गेला, तेव्हापासून सर्व्हिस रोड हाच आमचा मुख्य रस्ता. त्या दिवशी सकाळी रात्रभराचा पाऊस नुकताच उघडला होता. माझ्या पुढे एक रिक्षा, रिकामी, डावीकडे रेंगाळत. मी तिच्या मागे, फार वेगात नाही, तीसच्या आसपास. रिक्षा थांबली. थांबली म्हणजे कशी, तर जागच्या जागी, जणू कोणी खाली खिळा ठोकला. मी डावा लीव्हर मुठीत आवळला. मागचं चाक थांबलं, पण स्कूटर थांबली नाही. शेपूट उजवीकडे सरकायला लागलं, हँडल माझ्या हातात असूनही माझं राहिलं नाही, आणि पुढच्या क्षणी मी आणि स्कूटर दोघी डाव्या कुशीवर, रिक्षाच्या मडगार्डापासून वीतभर अंतरावर.

मागची गाडी थांबली म्हणून हे लिहिते आहे. हेल्मेटच्या काचेवर चार बोटं लांब ओरखडा, गुडघा सोललेला, डबा फुटून भेंडीची भाजी सर्व्हिस रोडवर. रिक्षावाला उतरून आला, त्याने स्कूटर उभी केली, आणि कळवळून म्हणाला, "ताई, मी दाखवलं होतं ना!"

"काय दाखवलं होतं?"

"पाय."

खरंच दाखवला असेल. डाव्या बाजूने बाहेर आलेला पाय म्हणजे मी थांबतोय, हे ठाण्यात कोणाला सांगावं लागत नाही. मी पाय बघितला नव्हता, इतकंच.

दुसऱ्या दिवशी स्कूटर लोकमान्य नगरातल्या आमच्या मेकॅनिककडे. माझी गाडी २०१४ सालची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्याने मागचं चाक काढलं. ड्रम ब्रेक आतून मी पहिल्यांदाच बघत होते. चाकाच्या पोटात एक गुळगुळीत लोखंडी वाटी, तीच ड्रम. वाटीच्या आत दोन चंद्रकोरी समोरासमोर, त्या ब्रेक शू. त्यांच्या पाठीवर चिकटवलेला घर्षणाचा थर, ज्याला सगळे लायनर म्हणतात. लीव्हर दाबला की केबल ओढली जाते, केबल बाहेरचा छोटा दांडा फिरवते, त्या दांड्याला आत चपटा कॅम असतो, तो आडवा फिरला की दोन्ही चंद्रकोरी फाकतात आणि वाटीला आतून घासतात. एवढंच यंत्र. यात न समजण्यासारखं काही नाही, आणि तरी सतरा वर्षांची असल्यापासून मी ते वापरत होते न बघता.

माझ्या मागच्या चंद्रकोरींवरचा थर कडेला कागदाइतका उरला होता. मेकॅनिकने बाहेरच्या दांड्याजवळचा एक बारीक बाण दाखवला. ब्रेक पूर्ण दाबल्यावर हा बाण खुणेला टेकला, की शू बदलायची वेळ झाली. दहा वर्षं तो बाण तिथे होता. मी दर सर्व्हिसिंगला म्हणत होते, "मागचा ब्रेक जरा टाइट करा." तो बिचारा नट पिळून द्यायचा. ब्रेक ओढून-ताणून लागायचा, मी खूश.

मग त्याने पुढचं चाक काढलं आणि हसायलाच लागला. "ताई, हे बघा." पुढच्या शूवरचा थर जवळपास नवा, कारखान्यातून आला तसा, फक्त वर एक काचेसारखी चकाकी आलेली. केबल मात्र वापराविना आत गंजून कडक झाली होती. लीव्हर दाबला तर सुटून परत यायला आढेवेढे घेत होता. "हा काय शोकेससाठी ठेवला होता?"

त्याने दोन्हीकडचे शू बदलले, पुढची केबल नवी टाकली, ड्रम पॉलिश पेपरने घासून घेतले, आणि लीव्हरला थोडी मोकळी चाल ठेवली. साधारण बोटाच्या एका पेराइतकी, दहा ते वीस मिलिमीटर. मी म्हटलं, अजून टाइट करा. तो म्हणाला, "चाल नसेल तर शू कायम घासत राहतील, तापतील, मग उतारावर ब्रेकच लागणार नाही." ब्रेक जितका टाइट तितका चांगला, ही माझी अजून एक पक्की समजूत तिथेच ग्रीसमध्ये पडली.

घरी आल्यावर मी नवऱ्याची स्कूटर नीट बघितली. ती नवी आहे. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेल्सना आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच दुचाकींना नियम लागू झाला: १२५ सीसीपर्यंत किमान कॉम्बी ब्रेक, त्याच्या वर एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारा ब्रेक. कॉम्बी म्हणजे डावा लीव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. कायद्याने माझ्यासारख्यांची सवय ओळखली आणि केबललाच शहाणं केलं. पण तो पुढचा 'थोडा'च. उजवा लीव्हर काढून टाकलेला नाही, तो वेगळा दाबायचाच असतो. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "उजवा मी कधीच लावत नाही, पुढचा आहे तो." शाळा एकच सगळ्यांची.

पण मग हे असं का? पुढचा लावला की तोंडावर आपटतो, हे इतक्या लोकांनी इतकी वर्षं सांगितलं, ते काय उगाच?

याचं उत्तर मला फास्ट लोकलमध्ये मिळालं. ठाणे स्टेशनात शिरताना मोटरमनने ब्रेक लावला की उभे असलेले आपण सगळे पुढच्या अंगाला झुकतो, आणि दांडीला लटकलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर येतात. स्कूटरचंही तसंच. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे धावतं. पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. ज्या चाकावर वजन, त्याच चाकाला पकड. म्हणजे थांबवायची ताकद असते पुढच्या चाकात, आणि आम्ही घरंदाज माणसं आयुष्यभर त्या चाकावर विसंबलो जे त्या क्षणी हवेतच जायच्या बेतात असतं. हलकं झालेलं चाक ब्रेकने पटकन अडकतं. अडकलेलं चाक फिरत नाही, घसरतं. आणि फिरतं चाकच रस्ता धरतं, दिशाही तेच पाळतं. एबीएसमधलं यंत्र करतं काय, तर चाक अडकायला लागलं की ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं. माझ्या स्कूटरला ते नाही. सोडायचं आणि धरायचं माझ्या बोटांनीच.

बाबांचं म्हणणं तरीही सपशेल खोटं नाही, हे कबूल केलं पाहिजे. वळणावर, वाळूवर, मेट्रोवाल्यांनी खड्ड्यावर टाकलेल्या ओल्या लोखंडी प्लेटवर, झेब्राच्या ओल्या पांढऱ्या रंगावर, सिमेंटच्या मिक्सरमधून सांडलेल्या खडीवर पुढचा ब्रेक खसकन दाबला तर माणूस खरंच आडवा होतो. मागचं चाक घसरलं तर निदान सावरायची एक संधी असते. पुढचं घसरलं की विषय संपला. स्कूटरची चाकंही लहान, दहा-बारा इंची, मोटरसायकल ज्या खड्ड्यावरून जाते त्यात ही आत उतरते. आणि पहिल्या पावसात तर रस्त्यावर मुरलेलं ऑइल वर येतं, तेव्हा कुठलाच ब्रेक आपला नसतो. त्यामुळे कोणीतरी कधीतरी वळणावर पुढचा दाबून पडला असेल, त्याने येऊन चाळीत सांगितलं असेल, आणि चाळीने 'वळणावर' हा शब्द गाळून टाकला असेल. सल्ले असेच म्हातारे होतात.

सरळ रस्त्यावर, हँडल सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकदम, आणि पुढचा झटक्याने नव्हे तर लिंबू पिळल्यासारखा, आधी हलका मग वाढता. हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं. ओल्यात तेच, पण अजून हळू हाताने आणि अजून आधीपासून.

त्या 'आधीपासून'वरच मी बरेच दिवस अडकले होते. ताशी ४० किलोमीटरने जाताना आपण सेकंदाला ११ मीटर पुढे जातो. काहीतरी घडलंय हे कळून बोटं आवळेपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर खर्च. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, दोन्ही ब्रेक चांगले असतील तर, अजून साधारण १० मीटर. एकूण दोन टीएमटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जरा कमी. ६०ला हेच ४० मीटरच्या घरात जातं, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. घोडबंदर रोडवर पुढच्यात आणि आपल्यात दोन बसचं अंतर? कोणी राहू देईल तर ना! तेवढ्यात तीन बाइकवाले, एक रिक्षा आणि गॅस सिलिंडरचा टेम्पो शिरतो. हॉर्न वाजवून लोक मोकळे होतात. बाकीचे चपला खाली घासत थांबतात, चप्पल हा तर आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय ब्रेक.

मग पंचवीस वर्षं फक्त मागच्या ब्रेकवर, तेही चेतकसारखी जड स्कूटर, बाबा एकदाही कसे पडले नाहीत?

हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांना तो प्रश्न वाटलाच नाही. "पडायचं कशाला?" म्हणाले. मग गुडघ्यावर मलम लावत बसलेल्या माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ती रिक्षा थांबली तेव्हा तू कुठे बघत होतीस?"

"रिक्षाकडे."

"रिक्षाकडे काय बघायचंय? रिक्षा रिकामी होती ना? मग फुटपाथवर बघायचं. हात कोण करतोय ते. रिक्षावाला त्याच्याकडे बघत असतो, तुझ्याकडे नाही."

मला एकदम त्यांचा तो पाय आठवला. मी मनात उजळणी केली, गेल्या कितीतरी फेऱ्यांची. पाय दाबला जातो तेव्हा रिक्षा थांबलेली नसते. अजून चालत असते. मी इतकी वर्षं समजत होते की बाबा घाबरतात. पाय दाबला जायचा फुटपाथवरचा हात वर झाला की.

मग ते बोलत बसले आणि मी ऐकत. उभ्या गाडीचा इंडिकेटर बघायचा नाही, पुढचं चाक बघायचं, ते आधी वळतं. स्टॉपवर उभ्या बसच्या शेजारून जाताना बसच्या खालून बघायचं, पलीकडे पाय दिसतात का. ओळीने लावलेल्या गाड्यांशेजारून जाताना एका दाराइतकी जागा सोडायची, आणि आत डोकं दिसलं तर दीड दाराइतकी. ट्रेलरच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याच्यासाठी आपण जन्मलोच नाही. त्याच्या डाव्या कुशीत तर थांबायचंच नाही. त्यांच्या वेळी घोडबंदर रोड एवढासा होता, दोन्हीकडे झाडी, रात्री चेना नदीपाशी काळोख, आणि गायमुखच्या घाटात ट्रक. उतारावर ते तिसरा गिअर टाकून इंजिनाला स्कूटर धरायला लावायचे. आमच्या बिनगिअरच्या गाड्यांत ती सोय नाही. ॲक्सिलरेटर सोडला आणि वेग उतरला की क्लच आपोआप सुटतो आणि गाडी मोकाट घरंगळते. सगळा भार ब्रेकवर.

बेभरवशाचे ड्रायव्हर असा शब्द आपण सारखा वापरतो. मला आता तो तितकासा पटत नाही. रिक्षावाला बेभरवशाचा नाही, तो भाड्याकडे जाणार हे सूर्य उगवण्याइतकं नक्की आहे. डिलिव्हरीवाला मुलगा मोबाइलकडे बघून अचानक गल्ली शोधणार, शाळेची व्हॅन गेटसमोर रस्त्याच्या मधोमध उभी राहणार, उलट्या दिशेने येणारा माणूस आपल्यालाच डोळे वटारणार. सगळं ठरलेलं. खरोखर अनपेक्षित असं मी या रस्त्यावर एकदाच बघितलंय: पातलीपाड्याला एका टेम्पोने मला आधी जाऊ दिलं. मी इतकी गोंधळले की गाडी बंद पडली.

तर बाबांचे डोळे बरोबर आणि हात चूक, असा निकाल मी दिला. तो त्यांना मान्य झाला नाही. टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस, मोजल्याशिवाय मानायचा नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पोखरण रोड नंबर दोनच्या मागच्या एका रिकाम्या गल्लीत गेलो. बाबांनी खिशातून खडू काढला, रस्त्यावर आडवी रेघ मारली आणि कडेला उभे राहिले. ठरलं असं की मी तीसच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा, थांबले की ते पावलं मोजणार. त्यांचं पाऊल सव्वादोन फुटांचं, हे त्यांना पाठ आहे.

पहिल्यांदा फक्त मागचा. टायर चिरकलं, रस्त्यावर काळी रेघ उमटली. बाबा मोजत आले. "चौदा."

मग दोन्ही. माझं काळीज धडधडत होतं, खोटं कशाला सांगू. त्रेचाळीस वर्षांची बाई, आणि बाप रस्त्याच्या कडेला उभा आहे, आणि त्यानेच 'विसरून जा' म्हणून सांगितलेला लीव्हर मी त्याच्या समोर दाबणार. दाबला. स्कूटरचं नाक खाली बसलं, मी सीटवरून जराशी पुढे सरकले, आणि गाडी उभी. तोंडावर कोणी पडलं नाही.

बाबा मोजत आले. थांबले. परत रेघेपाशी गेले आणि पुन्हा मोजलं.

"नऊ," म्हणाले. "तू हळू आलीस."

पुन्हा केलं. साडेनऊ. पुन्हा, आता त्यांना स्पीडोमीटर दिसावा म्हणून ते स्वतः मागे बसले, जे मी करायला नको होतं, पण त्यांचा हट्ट. माणूस वाढल्यावर दहा पडले. मधली पाच पावलं म्हणजे सव्वाअकरा फूट. अख्खी रिक्षा मावते त्यात आणि वर जागा उरते.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खडूचा तुकडा पुसून शर्टाच्या खिशात ठेवला. एवढ्यात दूधवाला आला आणि आम्ही काय शोधतोय म्हणून विचारायला लागला, तेव्हा आम्ही निघालो.

परतताना मानपाड्याच्या अलीकडे पुढे एक रिक्षा होती. रिकामी. मी फुटपाथकडे बघितलं. छत्रीसारखी पिशवी उलटी धरलेल्या एका आजोबांचा हात वर जात होता. माझी उजवी बोटं लीव्हरवर टेकली आणि त्याच क्षणी मागे फूटरेस्ट कचकन वाजला. रिक्षा थांबली. तिच्यामागे बरीच जागा सोडून आम्हीही.

हेल्मेटच्या मागून आवाज आला. "कुठला लावलास?"

"दोन्ही."

"हं."

रिक्षा सुटली, आम्ही निघालो. सोसायटीच्या गेटपाशी उतरताना त्यांनी हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि म्हणाले, "कोरड्यात काय, कोणीही थांबेल. जुलैत परत मोजू."